पायाळू हिरूआत्या आणि माझा घोटा

आज मी दोन्ही पायांवर धड उभा आहे तो हिरूआत्यामुळे. तिचं नाव आधी घेऊन ठेवतो. काय झालं ते मागाहून सांगतो, कारण मला एकदा माझ्या पायाचं सांगायला बसवलं की मी थांबत नाही, आणि ती बाजूला राहून जाते. ती बाजूला राहणारी बाई नव्हे.

पेणजवळच्या जोह्याच्या ज्या गणपतीच्या कारखान्यात मी कामाला लागलो, तिथं ती कितीतरी वर्षं पॉलिश पेपर घासत होती. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या अंगावर जोडाची बारीक रेघ राहते. ती घासून घालवायची, हे तिचं काम. मान सगळा रंगवणाऱ्यांना आणि डोळे आखणाऱ्यांना. घासणाऱ्या बायका पत्र्याच्या शेडखाली ओळीनं बसायच्या, पापण्यांसकट पांढऱ्या झालेल्या. त्या पांढऱ्या ओळीतही हिरूआत्या लांबून ओळखू यायची. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट, आणि हातातल्या मूर्तीशी तिचं सारखं भांडण चाललेलं. "सरळ बस रे बाबा. सोंड इकडं कर. लोकं तुला हात जोडणार हायत, मला नाय."

मी परभणीकडचा. शाळा नववीत सुटली. मग ऊसतोड झाली, वीटभट्टी झाली, आणि मूर्ती उचलायला, गाड्या भरायला माणसं पाहिजेत म्हणून गावातल्या एकाबरोबर इकडं आलो. बायको रुक्मा आणि लहान मुलगी गावी. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हंगाम संपल्यावरही शेठनं ठेवून घेतलं, तर पेणला एक खोली बघायची आणि दोघींना घेऊन यायचं. कारखान्याच्या माळ्यावर आमची अंथरुणं असायची. तिथं पडल्या पडल्या मी त्या खोलीत कुठं काय ठेवायचं ते ठरवायचो, आणि लगेच वाटायचं, उद्या आपलं काहीतरी चुकेल आणि हे आपल्याला काढून टाकतील. घाबरणं ही माझी जुनी सवय आहे.

पहिल्याच दिवशी मी आत्याच्या शेजारी मूर्ती ठेवली आणि सहज म्हणालो, "लई गरम व्हायलंय हो इथं."

तिनं हातातला पेपर खाली ठेवला. "काय व्हायलंय?"

"गरम."

"अगो ऐकलंस काय गो," ती सगळ्या ओळीला म्हणाली, "याला गरम व्हायलंय! आपल्याला नुसतं होतं, याला व्हायलंय!" त्या दिवसापासून माझं नाव 'परभणी' पडलं. माझं खरं नाव तिला अजूनही माहीत आहे की नाही, देव जाणे.

ती पायाळू होती. जन्मताना मूल डोक्याऐवजी पायांकडून आलं की त्याला पायाळू म्हणतात, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते असं मानतात. हे आमच्या गावीही मानतात. एवढ्या लांब येऊन तीच गोष्ट इथंही चालते हे बघून मला बरं वाटलं होतं. आत्या स्वतः त्याबद्दल मोठ्या तोऱ्यात बोलायची. "सगळी डोक्यानं येतात, मी पायानं आले. पहिली लाथ सुईणीला मारली, म्हणून आई मला सांगायची. मी उलटी आले, तवापासून दुनिया मला सरळ दिसते."

आमच्या कामात कंबर जाणं रोजचंच. सकाळी शेडच्या दारात कोणी ना कोणी पालथा पडलेला असायचा. आत्या आधी पाय धुवायची, पदरानं पुसायची, मग टाच माणसाच्या कंबरेवर हळूच ठेवून दाबायची. दाबताना मंत्रबिंत्र काही नाही, नुसत्या चौकश्या. "बायकोनं सांगितलेलं नारळ उतरवलंस काय? नाय? मग दुखू दे थोडी." झालं की त्यानं मागं न बघता, एक शब्द न बोलता निघून जायचं. कोणी चुकून 'बरं वाटलं आत्या' म्हणालाच, तर ती कपाळावर हात मारायची. "बोल्लास ना? आता उद्या परत ये."

या दारात एकदा खुद्द शेठ पालथे पडले होते. वयानं तिच्याहून मोठा माणूस, शर्टाच्या खिशात चष्मा तसाच. आत्यानं पाय ठेवला आणि ठेवूनच राहिली. "शेठ, बायकांच्या शेडला पंखा कधी लावताय?"

"आत्या, आधी पाय..."

"पाय हायच. पंख्याचं बोला."

"लावतो, लावतो!"

"कधी?"

"या आठवड्यात! अगं आई गं..."

पंखा आला. बायकांनी त्या पंख्याचं नाव 'शेठची कंबर' ठेवलं. उकडायला लागलं की हाक यायची, "गो, शेठची कंबर जरा जोरात कर."

तिला भीती एकाच गोष्टीची वाटायची, विजेची. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. आभाळ गडगडलं की एवढी मोठी बाई लाकडी पाटावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि कानांत बोटं घालायची. तेव्हा तिला कोणी हसायचं नाही. मला मात्र त्या वेळी ती जवळची वाटायची. मला वाटायचं, घाबरत असताना माणूस असा असतो, आणि गडगडाट थांबला की पुन्हा तसा दणकट होऊ शकतो.

माझा पाय गेला तो गाड्या भरण्याच्या दिवसांत. मी आणि तात्या एक मोठी मूर्ती शेडमधून बाहेर काढत होतो. तात्या म्हणजे साचे भरणारा आमचा पैलवान. माझा पाय दारातल्या विटेच्या तुकड्यावर पडला आणि तळवा आतल्या बाजूला पूर्ण वळला. आत काहीतरी तटकन झालं. डोळ्यांपुढं पांढरं झालं, पण मूर्ती सोडली नाही. तात्यानं आणि दुसऱ्या एकानं ती धरली, तेव्हा मी खाली बसलो.

शेठ धावत आले. "मूर्ती बरी आहे ना?"

"मूर्ती बरी हाय," शेडमधून आत्याचा आवाज आला. "परभणी फुटला."

बघता बघता घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली. सगळे भोवती जमले आणि प्रत्येकाला उपाय माहीत. एक म्हणाला हळद-चुना, दुसरा म्हणाला गरम विटेनं शेक. तात्यानं तर वाटीत तेल गरम करून आणलं आणि माझ्या पायाशी मांडी घालून बसला. "मोडलेलं नाय हे. सांधा सरकलाय. तू फक्त दात आवळ. तेल जिरवतो आणि एक हिसका देतो, जागेवर." त्याचा चेहरा इतका प्रेमळ होता की नको म्हणायला मला जीभच उचलेना. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. पाय मोडला असेल तर संपलं. उचलणाऱ्याचा पाय गेला तर त्याला कोण ठेवणार? हिसक्यानं बरं होत असेल तर हिसका बसू दे, असंही वाटत होतं.

आत्या गर्दीतून आत आली. तात्याकडं बघितलंही नाही. माझ्यापुढं बसली. "बोटं हलव." हलवली. "बोटाला हात लावते तो कळतोय?" कळत होता. मग तिनं घोट्याचं जे हाड वर येतं त्यावर आणि त्याच्या मागच्या कडेवर अंगठा दाबला. "हितं?" तिथं दुखत नव्हतं. हाडाच्या खाली, पुढच्या बाजूला, जिथं मऊ लागतं तिथं दाबलं, आणि मी ओरडलो. "उभा राहा. माझ्या खांद्याला धर. टेक पाय. चाल." कळ मस्तकात जात होती, पण टेकला. लंगडत, तिला धरून, दारापर्यंत जाऊन आलो.

"मुरगळलाय," ती म्हणाली. "तरी पेणला डाक्टरला दाखवायचा. हाडाचं अंगठ्यानं सांगायला मी काय मशीन नाय."

"मग तोवर मी..." तात्या वाटी घेऊन पुढं सरकला.

आत्यानं त्याच्याकडं बघितलं. तात्या ऐकणाऱ्यांतला नव्हता. चोळू नको म्हटलं असतं तर त्यानं आपल्या आज्यापासून सगळ्यांनी चोळून बरे केलेले पाय मोजून दाखवले असते. ती उठली. नळावर गेली. सगळ्यांसमोर पाय धुतला, पदरानं पुसला. तिनं पायाचा अंगठा माझ्या गुडघ्याला, घोट्याला नव्हे, गुडघ्याला हलकासा टेकवला आणि उचलला.

"पायाळूचा पाय लागला," ती मोठ्यानं म्हणाली. "आता हा पाय माझा. मी सांगीपर्यंत याला तेल नाय, शेक नाय, कोणाचा हात नाय, आन जमिनीचा भार नाय. पाय उंचावर ठेवायचा. कोणी मोडलं तर उलटतं."

तात्यानं वाटी मागं घेतली. त्याच्या कंबरेतली उसण तिनं दोनदा उतरवली होती. शेठनंही मान डोलावली. गणपतीच्या तोंडावर असलं काही उलटलेलं कोणाला परवडणार?

तेवढ्यात मासळीवाली गाडीवरून चालली होती. आत्यानं तिच्या पाटीतला बर्फ मागून घेतला, जुन्या फडक्यात गुंडाळला आणि घोट्यावर ठेवला. फडक्यातून बोंबलाचा वास यायला लागला. मी माळकरी घरातला. नाक मुरडलं असणार, कारण ती म्हणाली, "पायाला देते, तोंडाला नाय. गप बस." थोड्या वेळानं काढायचा, पुन्हा काही वेळानं ठेवायचा, फडक्याशिवाय कातडीला लावायचा नाही, असं तिनं बजावलं. पेणच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं, हाडांना धरून ठेवणारी शीर ताणली होती. त्यांनी लवचीक पट्टी बोटांच्या बाजूनं वर बांधत आणली, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल कर म्हणाले. तेल-शेक नको, पाय उशीवर ठेव, सूज उतरल्यावर हळूहळू हालचाल. डॉक्टर सांगत होते आणि मला मागून आत्याचाच आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिला विचारलं. "आत्या, ते पायाळूचं उलटतं ते खरंय का?"

ती भाकरी खात होती. इकडंतिकडं बघून म्हणाली, "कंबरेचं खरं. घोट्याचं आत्ता रचलं."

मग तिनं सांगितलं. एकदा गावच्या एका जाड्या माणसाच्या कंबरेवर पाय ठेवताना तो हसला. तो हसला तसं त्याचं अंग हललं आणि ही वरून घसरली. "त्याची उसण गेली, माझा पाय गेला." घरच्यांनी तिघांनी मिळून तो पाय चोळला, ओढला, गरम वाळूत पुरला. घोटा दुध्यासारखा झाला. पुढं पेणला दाखवला तेव्हा डॉक्टर घरच्यांवर जे ओरडले, ते तिनं शब्दन् शब्द पाठ केलं होतं. "सगळ्यांना लाथ मारून बरी करणारी बाई, स्वतःला लाथ मारता येत नाय, काय करणार?" ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग लगेच गंभीर. "तात्याला सांगशील तर बघ. त्याचा इश्वास हाय तोवर तुझा घोटा सलामत."

मी घोट्याकडं दिवसभर बघत बसायचो. दोन्ही पाय शेजारी ठेवायचो, ताडून बघायचो. सूज उतरली का, निळं जास्त झालं का. ती म्हणायची, "सारखं बघू नको रे, लाजतो तो. बरं व्हायचं थांबतो." पुढं तिनंच मला बसल्या जागी पाय हलवायला लावला, पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायला लावली. "नववी शिकलास ना? काढ की बाराखडी." हात रिकामे नकोत म्हणून पॉलिश पेपर दिला. जोडाची रेघ डोळ्यांनी शोधू नको, बोटानं शोध, हे तिनं शिकवलं.

पण एक दिवस गाडीबरोबर नवा उचलणारा आला. तरणाताठा, माझ्याच कोपऱ्यात त्यानं पिशवी ठेवली. शेठ त्याला काम दाखवत होते. रुक्माचा सकाळी फोन येऊन गेला होता, "मुलगी विचारायली, बाबाकडं कधी जायचं." मी उठलो. कोणाला न सांगता, पट्टी घट्ट केली आणि एका मूर्तीच्या पाटाला हात घातला. दाराशी पोचेपर्यंत घोट्यानं दगा दिला. मूर्ती त्या नव्या माणसानंच सावरली. संध्याकाळपर्यंत पाय पहिल्यासारखा सुजला.

"उलटलं!" तात्या ओरडला. "आत्यानं सांगितलं होतं, भार टाकू नको! बघा, उलटलं!"

सगळा कारखाना हादरला. आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती. हळू आवाजात, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "मेल्या, मी रचलेलं पण तू खरं करून दाखवलंस." आणि मग तिचे डोळे भरले. "घाबरतोस कशाला एवढा? मला सांगायचं ना."

मी सांगितलं. खोलीचं, रुक्माचं, मुलीचं, सगळं. एवढं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

ती तशीच शेठकडं गेली. मी ऐकत होतो. "याला आता उचलायला लावाल तर पाय कायमचा जाईल. आन उचलायला तुमच्याकडं दुसरा आलाय. याला माझ्या शेडात द्या."

"आत्या, बायकांच्या ओळीत गडी?"

"ओळीला काय बाईचं नाव लिवलंय? त्याचा हात बघा." तिनं मी घासलेली मूर्ती शेठच्या पुढं ठेवली. "रेघ शोधा."

शेठनी चष्मा लावला. मूर्ती फिरवून फिरवून बघितली, बोट फिरवलं. "बसू दे," म्हणाले. "गणपती झाल्यावरही बसू दे."

मी पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून रडलो. ती म्हणाली, "रड. डोळ्यांनी भार पडत नाय."

पाय बरा झाला. घाई केली नाही, ती करू देत नव्हती. आधी एका पायावर उभा राहून तोल धरायचा, मग शेडभोवती फेरी, मग रस्ता. कारखान्यात आता कोणाचाही पाय मुरगळला की तेल कोणी आणत नाही. बर्फ येतो, पाय उंच होतो, आणि हाडावर दुखत असलं किंवा पाय टेकवतच नसला तर लगेच रिक्षा. तात्या नव्या माणसांना बजावतो, "हे जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय." आत्या होती तेव्हा हे ऐकून खाली मान घालून घासत राहायची. तिचे खांदे हलायचे, एवढंच.

मागल्या वर्षी तिचे गुडघे गेले. खाली बसवेना. लेक रोह्याला असते, ती घेऊन गेली. दिवाळीनंतर मी पेणहून गाडीनं रोह्याला गेलो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. दार लेकीनं उघडलं. आत्या खुर्चीत बसली होती. खुर्चीत ती मला ओळखू येईना. मला तिची जमिनीवरची सवय. हात मात्र स्वच्छ, नखांत पांढरं नाही.

"व्हायलंय काय बरं?" तिनं विचारलं, माझ्याच बोलीत, आणि स्वतःच हसली.

जिना चढल्यापासून ती स्वतःच्या पायांनी खाली उतरलीच नव्हती. दवाखान्याला जाताना जावई आणि शेजारी खुर्चीसकट उतरवतात. "चांगली हायत पोरं," ती म्हणाली. "पण बाय गो, जमीन वरून बघायची म्हंजे काय. पाय मोकळे टाकायला नाय, कोणाशी भांडायला नाय." मी म्हणालो, आत्या, तुमचे उपकार... तिनं हात वर केला. "बोल्लास ना? आता परत ये."

निघालो तेव्हा गल्लीच्या टोकाला मागं वळून बघितलं. ती गॅलरीच्या गजांना धरून उभी होती, लेकीनं पाठीमागून आधार दिलेला. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "परभणी, फुडं बघून चाल! तिथं खड्डा हाय!" खड्डा होताच. मी तो बघून, वळसा घालून गेलो. त्यानंतर अजून आमची भेट नाही.

आता मी खोली शोधतोय. पेणच्या रामवाडीत दोन बघितल्या, चांगल्या होत्या, पण दोन्ही वरच्या मजल्यावर. नको म्हणालो. रुक्माला फोनवर कारण सांगितलं, वाटलं चिडेल. ती म्हणाली, "तळमजल्याचीच बघा मग. तोवर थांबू आम्ही." आत्या, खोली मिळायला वेळ लागंल, पण मिळंल. उंबरा बुटका असंल, दारापुढं अंगण असंल. तवा मी रोह्याला येईन, तुम्हाला जिन्यावरून पाठीवर घेऊन उतरवीन, आणि पेणला आणून जमिनीवर बसवीन. भांडायला आम्ही तिघं असूच.